निंगव्वा गाडीचा गंज

सोलापुरात गाडी गंजत नाही, असं लोक म्हणतात, आणि ते बरंचसं खरं आहे. वर्षातले आठ महिने इथली हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी. म्हणून गुरुबसप्पाने होटगी रस्त्याच्या आतल्या बाजूला पत्र्याची शेड उभी केली आणि बाहेर 'गंजकाम' अशी पाटी लावली, तेव्हा शेजारचा पंक्चरवाला हसला होता. "अण्णा, तुमच्याकडं येणार कोण?"

तरी लोक आले. उसाच्या ट्रॉल्या आल्या, मळीचे टँकर आले, आणि हळूहळू जुन्या जीपा यायला लागल्या. त्या जीपांचे मालक म्हणजे वेगळीच माणसं. नवीन गाडी दारात असताना वडिलांच्या वयाची जीप घेऊन रविवारी डोंगर-ओढ्यांतून हिंडायची त्यांना हौस. जीप चिखलात घालायची आणि मग तिच्या चासीची काळजी करत बसायचं. गुरुबसप्पाला अशी माणसं आवडायची. लोखंडाची काळजी करणारा माणूस त्याला आपलाच वाटे.

तो मूळचा अक्कलकोट तालुक्यातल्या खेड्यातला. घरात कानडी, बाजारात मराठी. तरुणपणी अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात लागला, तो मळीच्या टाक्या आतून रंगवायच्या कामावर. हंगाम संपला की टाकी रिकामी व्हायची. मग वरच्या झाकणातून दोर सोडून आत उतरायचं, भिंती खरवडायच्या, गंज काढायचा, रंग मारायचा. आत उजेड म्हणजे एका बल्बाचा. डोळ्यांचा उपयोग थोडा, म्हणून त्याचे कान तयार झाले. लहान हातोडीने पत्र्यावर टकटक करत जायचं. चांगला पत्रा घंटेसारखा वाजतो, गंजलेला खोकल्यासारखा. पुढं शेड टाकल्यावरही ती हातोडी त्याच्या खिशातच राहिली. गाडीखाली शिरला की आधी टकटक, मग बोलणं.

माणूस लिंगायत, भाविक. रोज सकाळी आंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायचा, कपाळाला विभूती लावायचा, मगच चहा. पण भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून जायचा. "अंधाऱ्या टाकीत माझं अर्धं आयुष्य गेलं," म्हणायचा. "तितं मला कुणी भेटलं न्हाई. हितं कशाला कोण भेटंल?"

ही गोष्ट त्या माणसाची आहे.

पाडवा होऊन गेला होता. ऊन तापायला लागलं होतं. एका सकाळी आशिष नावाचा तरुण टेम्पोवर लादून एक जीप घेऊन आला. आशिष विम्याच्या कार्यालयात अधिकारी, बोलायला गोड, आणि जुन्या जीपांचं त्याला वेड. ही जीप त्याने एका भंगारवाल्याच्या आवारातून उचलली होती. रंग हिरवा, कुणीतरी ब्रशने मारलेला. सीटा फाटलेल्या. पण इंजिन जिवंत होतं.

"अण्णा, मला ही शोसाठी नको," आशिष म्हणाला. "वापरायची आहे. चासी, बॉडी, सगळं असं करा की माझ्या मुलानेही चालवली पाहिजे."

"बघू की," गुरुबसप्पा म्हणाला. जीप लोखंडी घोडीवर चढवली, चटई टाकून खाली शिरला आणि टकटक सुरू केली.

डावी बाजू चांगली वाजली. मागचा आडवा दांडा थोडा खोकला, तेवढं चालतं. मग उजवी बाजू. ड्रायव्हरच्या पायाखाली जिथं चासीची पोकळ नळी थोडी खाली वाकते, तिथं हातोडी पडली आणि त्याचा हात थांबला. आवाज घंटेचा नव्हता, खोकल्याचाही नव्हता. भरल्या घागरीवर टिचकी मारावी, तसा होता.

त्याने पुन्हा वाजवलं. तसाच आवाज. त्या जागेवर कुणीतरी तळव्याएवढा पत्रा वेल्डिंग करून बसवला होता. काम गचाळ, पण घट्ट.

"आत माती साचलेली दिसती," तो बाहेर येऊन म्हणाला. "काढू नंतर. आधी वरचा गंज."

त्याची कामाची रीत ठरलेली. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, गंज मारायचं ॲसिड लावायचं, धुवायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं, मग जस्ताचा प्रायमर, त्यावर काळा जाड लेप. शेवटी चासीच्या पोकळीत नळी घालून पातळ केलेलं मेण फवारायचं, म्हणजे आतूनही पाणी लागत नाही. सोलापूरच्या उन्हात वाळवायला वेळ लागत नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उजव्या बाजूला प्रायमर बसला होता.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर प्रायमरमधून गंज वर आलेला. ठिपके नव्हेत, ओघळ. नारिंगी, ओला.

गुरुबसप्पाला स्वतःचा राग आला. ॲसिड धुताना कुचराई झाली असणार, असं त्याला वाटलं. त्याने सगळं खरवडून पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रायमरचा डबा बदलला, ब्रश बदलला. गंज रोज येत होता, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा दोन बोटं लांब पसरत होता.

मग ते पाणी.

दुपार होती. एप्रिलातली सोलापूरची दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंही नसतं. पत्र्याच्या शेडमध्ये तर भट्टीच. पंक्चरवाला दुकानासमोर पोतं बांधून आत झोपला होता. गुरुबसप्पा डब्यावर बसून भाकरी खात होता, आणि त्याला टप् असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा, टप्.

तो वाकला. जीपच्या खाली, ड्रायव्हरच्या बाजूला, फरशीवर ओला डाग पडला होता. वेल्डिंग केलेल्या पॅचच्या कडेला थेंब जमत होता, फुगत होता, पडत होता. फरशी इतकी तापलेली की त्यावर अनवाणी पाय ठेववत नव्हता, तरी तो डाग सुकत नव्हता.

रेडिएटर त्याने पहिल्याच दिवशी रिकामा केला होता. ॲसिड धुतलेलं पाणी कधीच वाळून गेलं होतं. त्याने खाली पत्र्याचा डबा ठेवला. जेवण आटोपेपर्यंत डब्यात तळ झाकेल एवढं पाणी जमलं. त्याने वास घेतला. ॲसिडचा नाही, ऑइलचा नाही. नदीचा पूर ओसरला की काठावरच्या गाळाला जो वास येतो, तो वास.

त्याने आशिषला फोन केला. आशिष कार्यालयातून सुटून तसाच आला. त्याने डबा पाहिला, बोट बुडवून पाहिलं.

"धुतलेलं पाणी आत अडकलं असेल, अण्णा. कॉम्प्रेसरची हवा मारून बघू या."

हवा मारली. चासीला पाणी निघून जायला जी भोकं असतात, त्यातल्या एकातून हवा घातली आणि दुसऱ्यातून बाहेर आली, तीसुद्धा गरम आणि कोरडी, बारीक धूळ उडवत. एक थेंब आला नाही. हवा बंद केली, आणि पॅचच्या कडेला पुन्हा थेंब जमायला लागला.

जाताना आशिष एवढंच म्हणाला, "अण्णा, घाई नाही. सावकाश करा."

त्यानंतर गंज गाडीवरून उतरला.

आधी खिशातली हातोडी. इतक्या वर्षांत तिला कधी डाग पडला नव्हता, कारण गुरुबसप्पा तिला रोज तेलाचा हात लावायचा. एका सकाळी खिशातून काढली तर डोक्यावर नारिंगी फूल उमललेलं. मग पाने, पकडी, खरवडणी. शेजारच्या पंक्चरवाल्याची हत्यारं मात्र चकचकीत होती. मधे भिंत होती ती एका पत्र्याची, हवा तीच, ऊन तेच.

आणि मग घर. गुरुबसप्पाची बायको दाक्षायणी शांत बाई. आवाज चढवायची नाही. तिने त्या दिवशी तवा त्याच्यासमोर आणून ठेवला.

"अवो, हे बघा."

तव्यावर गंज होता. मधोमध, भाकरीएवढा.

"घासला न्हाईस का?"

"रोज घासती. काल रातच्याला घासून, तेल लावून ठेवला. विळी बी तशीच झाली. कुलपाची कडी बी." ती त्याच्या हातांकडे बघत होती. "तुमी काय आणताय घरात, ते मला सांगा."

गुरुबसप्पाने हात पुढं केले. नखांच्या कडा नारिंगी होत्या. साबणाने जात नव्हत्या. "गंजाचं काम हाय. हाताला लागतंच की."

"इतकी वर्सं लागलं न्हाई ते? ती गाडी माघारी द्या."

"काम अर्धं टाकून?"

"मग पुरं करा. पण काय हाय ते बघा आदी. वरवर रंग मारत बसू नका." एवढं बोलून ती तवा घेऊन आत गेली, आणि पुन्हा घासायला बसली. नारळाच्या शेंडीचा तो खसखस आवाज त्याला बराच वेळ ऐकू येत राहिला.

दाक्षायणीचं बोलणं त्याला लागलं. बाईने त्याच्या धंद्याचा पहिला नियमच त्याला सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने चासीचं काम बाजूला ठेवलं आणि बॉडीवरचा जुना रंग उतरवायला घेतला. पॅच कापायचं तो अजूनही टाळत होता, हे त्याचं त्यालाही कळत होतं. काचेच्या वरची पट्टी घासताना हिरव्याखाली पांढरा रंग लागला. पांढऱ्याखाली पिवळा. तो पिवळा पट्ट्यासारखा नव्हता, त्याला वळणं होती. त्याने मशीन बंद केलं आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन हातानेच हळूहळू घासलं. अक्षरं वर आली.

निंगव्वा.

पेंटरने मन लावून काढलेलं नाव होतं. शेवटच्या कान्याला वेलबुट्टी होती. पूर्वी वडापच्या गाड्यांवर, गावोगावची माणसं कोंबून नेणाऱ्या त्या जीपांवर, अशी नावं असायची. देवाचं नाहीतर घरातल्या माणसाचं. गुरुबसप्पा त्या नावाकडे बघत उभा राहिला आणि त्याच वेळी त्याला जाणवलं की टप् टप् थांबलंय. इतके दिवस रोज दुपारी चालू असलेला तो आवाज बंद झाला होता. शेडमध्ये इतकी शांतता पसरली की त्याला वरचे पत्रे उन्हाने ताणल्याचं ऐकू येत होतं. आपण काहीतरी वाचावं म्हणून कुणीतरी थांबलंय, असं त्याला वाटलं. असला विचार आपल्या मनात आला याचीच त्याला भीती वाटली.

मग तो ग्राइंडर घेऊन खाली शिरला.

वेल्डिंगची शिवण त्याने चारी बाजूंनी कापली. ठिणग्या उडत होत्या. आतलं पाणी अंगावर येणार म्हणून त्याने तोंड बाजूला धरलं होतं. पॅच सुटला, खणकन फरशीवर पडला. पाणी आलं नाही.

पॅचखाली चासीला गंजून पडलेलं जुनं भोक होतं आणि आत गाळ होता. काळा, गच्च बसलेला, आणि कोरडा ठणठणीत. भेगा पडलेला. विटेसारखा. ज्या जागेतून इतके दिवस पाणी ठिबकलं, तिथं ओलीचा मागमूस नव्हता. गुरुबसप्पाने बॅटरी धरली. गाळात बारीक शंख होते, बाभळीचा काटा होता, आणि मधोमध काहीतरी चमकत होतं.

त्याने बोटाने गाळ उकरला. चांदीची करडगी होती. लिंग ठेवायची डबी, पेढ्याएवढी, वरून गोल. तिच्यातून ओवलेला दोरा तसाच होता, तुटलेला नव्हता, त्याची गाठही सुटलेली नव्हती. इतकी वर्षं गाळात राहून चांदी काळी पडायला हवी होती. ती आताच पुसून ठेवल्यासारखी होती. त्याने उचलली. ती ओली होती. त्या कोरड्या मातीत तेवढी ती एकच वस्तू ओली आणि गार होती.

त्याचा दुसरा हात आपोआप स्वतःच्या छातीकडे गेला. तिथं त्याचं लिंग होतं, जन्मल्यापासून होतं, मरेल तेव्हा तळहातावर ठेवून ते त्याच्याबरोबर मातीत जाणार होतं. ज्या माणसाची ही करडगी, तो तिच्याशिवाय गेला होता.

तो गाडीखालून बाहेर आला आणि डब्यावर बसला.

करडगी त्याने स्वच्छ पाण्याने धुतली, आत बघितलं नाही. धुतलेल्या पांढऱ्या पंच्यात गुंडाळली आणि शेडमधल्या देवाच्या फोटोखाली ठेवली. मग दाक्षायणीला फोन केला. ती रिक्षा करून आली, हात जोडले, आणि गाडीवरचं नाव वाचलं.

"ही कुणाची ते शोधा," ती म्हणाली. "मी बी येती."

निंगव्वा हे नाव कानडी, आणि कानडी गावांकडं वडाप चालायची ती सोलापूरच्या दक्षिणेला, म्हणून दोघं मंद्रूपला बाजाराच्या दिवशी गेले. जुना ड्रायव्हर भेटला तर सांगेल, एवढाच अंदाज. बसस्थानकाजवळ हरिबा नावाचा म्हातारा कलिंगडं विकत बसला होता. आयुष्यभर त्याने वडापची गाडी चालवली होती. गुरुबसप्पाने नाव सांगितलं तसा त्याने हातातला सुरा खाली ठेवला.

"निंगव्वा? ती सिद्धाप्पाची गाडी. बायकूचं नाव घातलं हुतं. आमी लई चेष्टा करायचो त्याची." हरिबाने आवाज खाली आणला. "सीना नदीच्या पुरात गेला की त्यो. बुटका पूल हाय ना त्यांच्या गावाकडं, त्याच्यावरनं पाणी चाललं हुतं. माणसं उतरली अल्याड. ह्यो म्हनला, गाडी तेवढी पल्याड लावतो, सकाळी भाडं हाय. मधी गेला आन् गाडी आडवी झाली."

"सापडला न्हाई?"

"सापडला की. पाणी वसरल्यावर, खालच्या अंगाला, बाभळीत. गाडी बी सापडली. भावानं ती भंगारात घातली. बायकूनं बघितली बी न्हाई." त्याने सुरा पुन्हा उचलला. "पण तुमी का इचारताय?"

गुरुबसप्पाने फक्त घर विचारून घेतलं.

घर गावाच्या कडेला, नदीच्या बाजूला होतं. दुपार टळत होती. दाराजवळ गेल्यावर गुरुबसप्पाचं लक्ष सवयीने आधी बिजागऱ्यांकडे गेलं. बिजागऱ्या नव्हत्या. चामड्याच्या पट्ट्यांवर दार टांगलं होतं. कडी लाकडाची. खिडकीला गज नव्हते, वेळूच्या काठ्या होत्या. आत चुलीवर मातीचं खापर, भांडी सगळी ॲल्युमिनियमची आणि पितळेची. त्या घरात लोखंडाचा खिळासुद्धा त्याला दिसेना.

निंगव्वा आत बसून शेंगा फोडत होती. सत्तरीच्या आसपास, कपाळावर विभूती, डोळे तरतरीत. तिने दोघांना बसायला घोंगडं दिलं, पाणी दिलं. दाक्षायणीने कानडीत विचारपूस केली, तिने मराठीत उत्तरं दिली.

"घरात लोखंड न्हाई ठिवलं, अव्वा?" गुरुबसप्पाने शेवटी विचारलंच.

"टिकत न्हाई, तम्मा. आणलं की गंजतं. विळा आणला, गेला. ट्रंक आणली, तळ गळून पडला. सून म्हनली, मला न्हाई ऱ्हायचं ह्या घरात. ल्योक आन् ती सोलापूरला गेली. मी म्हनलं, मला काय, मी मातीवर भागवती." तिने शेंग फोडली आणि अगदी सहज विचारलं, "गाडी अजून गळती काय?"

दाक्षायणीचा हात गुरुबसप्पाच्या बाहीवर आला.

त्यांनी अजून गाडीचं नाव काढलं नव्हतं.

"तुमाला कुणी सांगितलं, अव्वा?" दाक्षायणीने विचारलं.

"सांगतंय कोण? बोलत कुटं हाय त्यो." तिने उंबऱ्याकडे हनुवटी केली. "हितं हुभा ऱ्हातो. उन्हाचा. सगळी पडलेली असत्यात तवा. अंगातनं पाणी गळतंय, उंबरा वला हुतो. आत येत न्हाई. हात हितं," तिने स्वतःच्या छातीवर पंजा ठेवला, "असा चाचपत ऱ्हातो. मी म्हनती, काय हरवलंय? सांग की. बगतो नुसता. पाडव्यापास्नं मातर रोज याया लागला. तवा मी म्हनलं, कुणीतरी गाडीला हात घातला."

तिच्या बोलण्यात भीती नव्हती. शेजारच्याबद्दल बोलावं तसं ती बोलत होती. गुरुबसप्पाने उंबऱ्याकडे बघितलं. उंबऱ्याचं लाकूड मधोमध काळं पडलेलं, कुजलेलं होतं, दोन पावलं मावतील एवढंच. आत येताना आपण ते नकळत ओलांडून आलो, त्यावर पाय दिला नाही, हे त्याला आता आठवलं.

त्याने पिशवीतून पंचा काढला, तिच्यासमोर ठेवला आणि उलगडला.

निंगव्वाचे हात शेंगांतच राहिले. मग तिने करडगी उचलली, दोऱ्याची गाठ चाचपली.

"ही गाठ माजी हाय," ती म्हणाली. "दोरा मीच बदलला हुता, श्रावणात." आणि मग इतका वेळ कोरडी असलेली ती बाई रडायला लागली, मोठ्याने, पदर तोंडात न धरता. "पुरला तवा स्वामींनी दुसरं दिलं हातात. म्हनले, चालतंय. मी म्हनलं, त्येला चालतंय का ते कोण इचारणार?"

दाक्षायणी तिच्याजवळ सरकली आणि तिला धरून बसली.

सोमवारी गावच्या मठातले स्वामी आले, निंगव्वाचा मुलगा आणि सून सोलापूरहून आली. आशिषही आला. गुरुबसप्पाने त्याला सगळं सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, "माझ्या गाडीतून निघालंय अण्णा, मला यायला पाहिजे." सिद्धाप्पाची समाधी गावाबाहेरच्या रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत, होती. भोवतालची काळी जमीन उन्हाने इतकी फाटली होती की भेगेत हात जाईल. मुलाने समाधीच्या डोक्याकडे उकरायला सुरुवात केली. वीतभर गेल्यावर माती ओली लागली. हाताला चिकटण्याइतकी ओली. स्वामींनी मंत्र म्हटले, करडगीवर बेल ठेवला, विभूती लावली, आणि निंगव्वाने स्वतःच्या हाताने ती खाली ठेवली. ठेवताना कानडीत काहीतरी म्हणाली. बारीक आवाजात, नवऱ्याला रागवावं तसं.

माती लोटली. सगळे परत फिरले. गुरुबसप्पा मागे राहिला होता. त्याला दिसलं की लोटलेली माती त्याच्या डोळ्यांसमोर फिकी पडत चालली आहे, कडेकडून आत, तव्यावर सांडलेलं पाणी आटावं तशी. सगळी कोरडी झाल्यावर तोही निघाला. मागं वळून बघितलं नाही.

शेडमध्ये त्याने चासी पूर्ण साफ केली. गाळाचा कण न् कण काढून तो त्याने सीनेत नेऊन सोडला. नवीन पत्रा कापून बसवला, प्रायमर मारला, लेप दिला, पोकळीत मेण फवारलं. सकाळी गेला तेव्हा प्रायमर होता तसा होता. दाक्षायणीचा तवाही काळा राहिला, पण तिने तो वापरला नाही. तो तिने भंगारवाल्याला दिला आणि नवीन आणला.

जीप तयार झाल्यावर आशिष ती घेऊन निंगव्वाकडे गेला. तुम्हाला हवी असेल तर ठेवून घ्या, म्हणाला. निंगव्वाने गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला. "न्हाई बाबा, तूच चालव," म्हणाली. मग चढून पुढच्या सीटवर बसली, आणि पुलापर्यंत नेऊन आण म्हणाली. आशिषने नेलं. नदीला पाणी नव्हतं, वाळू पांढरी पडली होती. पुलाच्या मध्यावर तिने गाडी थांबवायला सांगितली, इंजिन बंद करायला सांगितलं, आणि डोकं थोडं वाकडं करून ऐकत राहिली. आशिषनेही कान दिला. नदीच्या खोऱ्यातून नुसता वारा येत होता. "चल," ती म्हणाली. त्या मे महिन्यात तिने मंद्रूपच्या बाजारातून दाराला लोखंडाच्या बिजागऱ्या आणल्या, आणि सून नातवाला घेऊन चार दिवस राहून गेली.

गुरुबसप्पा अजून तीच शेड चालवतो. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या तर आता उठून जात नाही, ऐकत बसतो, पण स्वतः काही सांगत नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर तो पॅच लावणाऱ्या त्या अनोळखी वेल्डरवर घसरतो. आत गाळ भरलेला असताना वरून पत्रा ठोकणारा माणूस कसला कारागीर, म्हणतो. आधी साफ करायचं असतं, मग झाकायचं असतं. पाच मिनिटं हात घालून बघितलं असतं तर त्या बाईची इतकी वर्षं वाचली असती.

स्वतः तो पत्रा बसवायच्या आधी बाही कोपराच्या वर सारतो आणि चासीच्या पोकळीत हात घालून शेवटपर्यंत चाचपतो. दाक्षायणी कधी डबा घेऊन येते तेव्हा तिला ते दिसतं. हात आत जायच्या आधी तो भोकाशी तोंड नेतो, हळू आवाजात कानडीत एक-दोन शब्द बोलतो आणि उत्तरासाठी थांबावं तसा थांबतो. मग हात घालतो. काय म्हणतो, ते तिने विचारलेलं नाही. ती डबा फळीवर ठेवते आणि त्याचा हात बाहेर येईपर्यंत तिथंच उभी राहते.